हलक्या गाडीचा काटा

मी संशयी आहे. कुणी मला हे सुनवायच्या आधी मीच सांगून टाकते. दूधवाल्याच्या मापात त्याचं बोट बुडालंय का, ते मी बघते. पेट्रोल पंपावर शून्य दिसल्याशिवाय स्कूटीत नळी घालू देत नाही. रिक्षावाला आपल्याला लांबून नेतोय असं मला दर वेळी वाटतं आणि निम्म्या वेळा ते खरं निघतं. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात मी वीस वर्षं तपासणीचं काम करते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग मापायचा, काट्यावर ठेवायचा आणि ज्यानं तो बनवला त्याच्या शब्दावर विसंबायचं नाही. थोडक्यात, या स्वभावाचाच मला पगार मिळतो.

स्वभाव मात्र कारखान्यात आलेला नाही, तो त्याच्याही आधीचा. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. दिवाळी झाली की आई-वडील ऊसतोडीला निघायचे आणि लहानपणी मीही त्यांच्याबरोबर असायचे. उसाची गाडी साखर कारखान्याच्या काट्यावर चढली की वडील काट्याच्या खोलीच्या खिडकीशी जायचे आणि टाचा उंचावून आत बघायचे. खिडकी उंच होती, आणि आकडा आतल्या माणसाच्या तोंडासमोर. बाहेरच्याला काही दिसायचं नाही. तरी ते दर खेपेला टाचा उंचावायचेच. आतून जो आकडा सांगितला जायचा तो घ्यायचा आणि बैल वळवायचे. वळवताना वडील हळूच म्हणायचे, "काटा मारला."

काटा मारणं म्हणजे वजनात लुबाडणं, हे अख्ख्या महाराष्ट्राला कळतं. पण आमच्याकडे ही साधी शिवी नाही. चोर म्हटलं तर माणूस भांडतो, चार शब्द सुनावतो आणि आठवड्यानं पुन्हा चहाला येतो. 'तू काटा मारलास' असं म्हटलं तर येत नाही. कारण तो शब्द ज्यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे ते लोक आमच्यातले नव्हते. आपल्यातल्या माणसाला तो लावायचा नाही, असं कुणी शिकवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आई खिडकीशी कधी गेली नाही. तिनं आपल्यापुरता उपाय केला होता. तिच्याकडे एक किलोचं लोखंडी वजन होतं, सहा कोनी, तळाला शिशाचा ठिपका आणि त्यावर सरकारी शिक्का. आमच्या कोपीजवळचा, म्हणजे पाचटाच्या झोपडीजवळचा, दुकानदार डाळ-तांदूळ द्यायला लागला की आई पिशवीतून आपला किलो काढून त्याच्या पारड्यात ठेवायची. "तुजा राहूं दे, माज्यानं मोज," म्हणायची. दुकानदार चिडायचे, पण मोजायचे. टोळीतल्या इतर बायकाही तो किलो मागून न्यायच्या. आता आई माझ्याकडे नगरला राहते. बोर्डांवर शहराचं नाव बदललं, आमच्या तोंडात नगरच आहे, आणि आईच्या पिशवीत अजून तो किलो आहे. आता भाजीवाल्यांकडे इलेक्ट्रॉनिक काटे आले. आई तो किलो त्याच्यावर ठेवून बघते आणि मी दुसरीकडे बघते.

गेल्या वर्षी आमच्या कारखान्याला एक वेगळंच काम मिळालं. तोवर आम्ही ट्रॅक्टरचे आणि पंपांचे भाग बनवत होतो. एक कंपनी नवी गाडी काढत होती. दोन दारं, दोन सीटं, उतरतं छप्पर, जमिनीला टेकेल अशी खाली. मालक म्हणाले, कूपे म्हणतात तिला. बनवणारे पूर्वी शर्यतीच्या गाड्यांवर काम करणारे लोक होते आणि शर्यतीत शिकलेलं सगळं त्यांनी या रस्त्यावरच्या गाडीत घातलं होतं. चाक ज्याच्यावर बसतं तो ॲल्युमिनियमचा भाग आमच्याकडे होणार होता. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्याला खांदा म्हणायला लागलो.

त्या कंपनीचा इंजिनियर पहिल्यांदा आला, तेव्हापासूनच मला हे प्रकरण संशयास्पद वाटत होतं. तिशीचा, विस्कटलेल्या केसांचा, घड्याळ आमच्या मालकाच्या मोटारसायकलपेक्षा महाग असावं. तो एकच गोष्ट घोळवत होता. हलकं पाहिजे. प्रत्येक ग्रॅम कमी झाला पाहिजे. म्हणाला, दाराला आतून हँडल ठेवलेलं नाही, पट्टा लावलाय, ओढला की दार उघडतं, तेवढेच ग्रॅम वाचले. खाली गालिचा नाही. सीट म्हणजे पातळ कवच, त्यावर बोटभर गादी. मागची काच पातळ केली. खांद्याच्या ड्रॉइंगमध्ये ताकद लागत नाही तिथला धातू पोखरून काढला होता.

"मग माणूस बसल्यावर काय करणार?" मी विचारलं. "त्यालाही पोखरणार का?"

तो हसला. मालक हसले नाहीत.

मी गंमत केली होती, पण मनातून मला ती गाडी पटत नव्हती. ज्या घरात वजन कमी भरणं म्हणजे कुणीतरी लुबाडलं असाच अर्थ होतो, त्या घरात मी वाढले. भरलं ते खरं आणि हलकं ते खोटं, हे माझ्या हाडात बसलं आहे. आणि इथं हा माणूस हलकेपणाचं कौतुक सांगत होता, वर त्यासाठी जास्त किंमत घेणार होता. यात कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला वाटत राहिलं.

खांदा बनवायचं काम मामांकडे गेलं. मामा म्हणजे आमच्या कारखान्यातला सगळ्यात जुना ऑपरेटर. सगळेच त्यांना मामा म्हणतात. तेही पाथर्डीकडचे, त्यांचेही वडील ऊसतोडीला जायचे, आणि म्हणून कारखान्यात मला मॅडम न म्हणता ताई म्हणणारे ते एकटेच. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी ताई. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मशीनवर कॉम्प्युटर असला तरी तुकडा निघाला की मामा तो दोन्ही हातांत धरून बघायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे आणि मगच माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. मी वजन करायला लागले की ते काट्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. वळून आपल्या मशीनकडे चालू लागायचे. इतके निश्चिंत.

त्या गाडीनं मामांना वेड लावलं होतं. इंजिनियरनं त्यांच्या मोबाईलवर गाडीचा फोटो पाठवला होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी ते फोटो उघडायचे. "ताई, ट्रॅक्टरचा भाग बनवला, तो कुनाच्या ट्रॅक्टरात गेला कळलं न्हाई कदी. ही गाडी मी वळखनार. रस्त्यानं गेली तरी म्हननार, चाकं माज्या खांद्यावर हायत." गाडी नगरजवळच्या चाचणीच्या ट्रॅकवर येणार होती, तेव्हा आमच्या माणसांना बघायला बोलवू, असं इंजिनियर म्हणाला होता. आणि मामांना म्हणाला होता, तुम्ही आत बसायचं. मामांनी त्या दिवसासाठी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी सोडून दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल असं वाटत नाही.

पहिल्या खेपेचे खांदे चोख निघाले. माप बरोबर, वजन बरोबर. ते गेले आणि पहिल्या गाडीला बसले.

मग कंपनीची माणसं कारखाना बघायला येणार असं ठरलं. मालकांनी भिंती रंगवल्या, तुळशीच्या कुंड्या आणल्या. मीही हौसेनं माझ्या काट्याला पेटी करून घेतली. छताचा पंखा फिरला की काट्याचा शेवटचा आकडा थरथरायचा, वारा लागू नये म्हणून चारी बाजूंनी पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याची पेटी, पुढून दार. सावेडीतल्या दुकानातून मापानं करून आणली. दिसायला फार छान दिसली. बघायला आलेल्यांनी तिचं कौतुकही केलं.

त्याच आठवड्यात दुसरी खेप सुरू झाली, आणि खांदे हलके भरायला लागले.

एकेक खांदा दीड किलोच्या वर भरायला हवा होता. आता प्रत्येक साठएक ग्रॅमनं कमी. मी माप पुन्हा घेतलं. माप तंतोतंत ड्रॉइंगप्रमाणे. मी दुसरा घेतला, तिसरा घेतला. माप बरोबर आणि वजन कमी. याचा अर्थ एकच होतो, आणि तो मला वीस वर्षांच्या अनुभवानं लगेच कळला. धातू बदलला आहे. या खांद्याला महागातला, कडक ॲल्युमिनियम लागतो. साधा ॲल्युमिनियम दिसायला तसाच, पण थोडा हलका आणि बराच कच्चा. खांदे ज्यातून कोरायचे ते चांगले ठोकळे कुणीतरी बाहेर काढून साधे आत घातले होते. ठोकळ्यांच्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे होती. मामांकडे.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. मग काय, मला सगळं दिसायला लागलं. मामा अलीकडे शिफ्ट संपल्यावरही मागे राहत होते. घरी जाताना त्यांच्या खांद्याला एक जड पिशवी असायची. फोन आला की ते बाहेर जाऊन बोलत होते. आधी यातलं काहीच मला खटकलं नव्हतं, आता एकही गोष्ट सरळ दिसेना. संशय आला की पुरावे आपोआप चालत येतात, त्यांना बोलवावं लागत नाही.

मी मालकांना सांगितलं. मालक आधी म्हणाले, "अहो, हलकं झालं तर त्यांना बरंच की!"

"पोखरून हलकं आणि कच्च्या धातूनं हलकं, यात फरक आहे," मी म्हणाले. "हा खांदा वळणावर तुटला तर चाक एकीकडे आणि गाडी दुसरीकडे जाईल. आत दोन माणसं असतील."

मालकांचा चेहरा उतरला. खेप लाल पेटीत ठेवायची, म्हणजे नापास मालात, असं ठरलं. मामांशी आपण शांतपणे बोलू, ते म्हणाले. मीही हो म्हणाले होते.

पण तेवढ्यात मामा नेहमीसारखे नवा खांदा घेऊन आले. दोन्ही हातांत धरून, पुसून. टेबलावर ठेवला आणि वळून चालू लागले. काट्यानं पुन्हा तोच कमी आकडा दाखवला. त्यांचं ते वळून जाणं मला त्या क्षणी ढोंग वाटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सगळी माणसं चहाला उभी होती, दहा-बारा जण. मी मोठ्यानं म्हणाले, "मामा, कुणाला काटा मारताय?"

ते थांबले. आधी त्यांना वाटलं मी गंमत करतेय, थोडे हसले देखील. मग माझं तोंड बघितलं.

"काय म्हनालात?"

"वजन कमी येतंय. माप बरोबर आहे. ठोकळे कुठं गेले?"

मामांनी खिशातून किल्ली काढली, माझ्या टेबलावर ठेवली, मशीन बंद केलं, डबा घेतला आणि गेले. मालक मागून गेटपर्यंत गेले, पण मामा थांबले नाहीत. मी मनात म्हणाले, खाई त्याला खवखवे. निर्दोष माणूस असता तर भांडला असता.

ठोकळे तपासायला पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. त्यांचा निकाल यायला वेळ होता. आणि मधल्या काळात गाडी आली.

आम्ही सगळे टेम्पोत बसून ट्रॅकवर गेलो. गाडीवर सगळीकडे काळ्या-पांढऱ्या वेड्यावाकड्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, कुणाला फोटोत आकार कळू नये म्हणून. मला तेही आवडलं नाही. ज्याला काही लपवायचं असतं तोच अंगावर असं सोंग घेतो. गाडी सुरू झाली. आवाज मोठा नव्हता, कोरडा होता. लांब सरळ रस्त्यावर ती निघाली आणि टोकाच्या वळणाला चालवणाऱ्यानं वेग कमी केलाच नाही असं मला वाटलं. गाडी जराही कलली नाही, चारही चाकांवर तशीच बसून वळली आणि परत आली. आमची माणसं टाळ्या वाजवत होती. मी चाकांकडे बघत होते. ती पहिल्या खेपेच्या खांद्यांवर होती, म्हणजे चांगल्या धातूवर, हे मला माहीत होतं. तरी प्रत्येक वळणानंतर मी चारही चाकं मोजत होते.

मला आत बसवलं. दार ओढून घेतलं तर ते डब्याच्या झाकणासारखं टक्क बंद झालं. सीट टणक होती, पण कुठंही टोचत नव्हती. कमी काही आहे असं वाटावं म्हणून मी हात फिरवत होते, आणि खरं सांगायचं तर कमी असं काही सापडत नव्हतं. जे नको होतं तेवढंच काढलेलं होतं. कुणाचं काही खाल्लेलं नव्हतं. हे मला पटायला लागलं आणि त्याचा राग आला.

इंजिनियरनं खिडकीतून डोकं आत घातलं. "खांदे कुणी बनवले ते दिसत नाहीत आज? त्यांच्या कडा बघून आमचे लोक विचारत होते, हातानं घासल्यात का म्हणून. ड्रॉइंगमध्ये एवढं मागितलेलंच नव्हतं."

मालक माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "त्यांना बरं नाही."

शिफ्टनंतर मामा मागे का राहत होते, ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं. पण मी जिद्दी आहे. म्हटलं, कडा घासणारा माणूस चोरी करत नाही असं कुठं लिहिलंय? वजन कमी आहे ते आहेच. काटा खोटं बोलत नाही.

त्याच रविवारी आईनं भाजीबाजारात भांडण काढलं. वांगी कमी तोलली म्हणून तिनं आपला किलो काढून भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवला. काट्यानं एक किलो आणि वर चार ग्रॅम दाखवले, आणि भाजीवाला म्हणाला, "आजी, तुमचंच लोखंड गंजून बदललंय!" चार लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी आईला म्हणाले, "आण तो किलो इकडे. आमच्या कारखान्याचा काटा ग्रॅमचाही भाग मोजतो. एकदाच मोजून आणते आणि मग ही कटकट संपव."

सोमवारी मी तो किलो माझ्या पेटीतल्या काट्यावर ठेवला. नऊशे बासष्ट ग्रॅम. मला हसूच आलं. इतकी वर्षं ही बाई झिजलेल्या किलोनं जगाला तपासत फिरत होती!

संध्याकाळी मी आईला सांगितलं, जरा मजेनंच सांगितलं. आई लसूण सोलत होती. तिनं हात थांबवला.

"भाजीवाल्याकडं चार ग्रॅम जास्ती आन् तुज्याकडं अडतीस कमी?"

"त्याचा काटा रस्त्यावरचा, आई. माझा कंपनीचा."

"मंग? उसाच्या कारखान्याचा काटा बी कंपनीचाच हुता." तिनं लसणाची पाकळी टाकली. "माजा किलो कोपीत चाळीस घरांनी तपासला हाय. तुजा काटा कुनी तपासला गं?"

काटा रोज सकाळी तपासायचा असतो. कपाटात मखमलीच्या पेटीत सरकारमान्य दोन किलोचं वजन आहे. ते काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा आणि वहीत सही करायची. मी सही रोज करत होते. वजनाची पेटी शेवटची कधी उघडली, ते मला आठवेना. दुसऱ्याचं मी दहादा तपासते. माझा काटा म्हणजे माझा. तो कशाला तपासायचा? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेले. दोन किलोचं वजन ठेवलं. सत्तरेक ग्रॅम कमी. मी खाली वाकून, गाल टेबलाला टेकवून बघितलं. माझ्या हौसेच्या पेटीची खालची पट्टी आत सरकली होती. काटा रिकामा असला की तिचा स्पर्श नव्हता, म्हणून शून्य बरोबर दिसायचं. वर वजन आलं की तबक केसभर खाली जायचं आणि त्या पट्टीवर टेकायचं. थोडं वजन पट्टी उचलायची, उरलेलं काटा. मी पेटी उचलून बाजूला ठेवली. दोन किलो, बरोबर दोन किलो. आईचा किलो ठेवला. एक हजार एक. लाल पेटीतला खांदा ठेवला. बरोबर.

मी तिथंच स्टुलावर बसले. जो एक शब्द म्हणण्यात वडिलांचं आयुष्य गेलं, तोच शब्द मी काट्याच्या आतल्या बाजूला बसून बाहेरच्या माणसाला लावला होता.

मालकांना सांगितलं. ते रागावले, पण प्रयोगशाळेचा निकाल यायच्या आधी मी स्वतः सांगतेय म्हणून थोडे निवळले. "मी फोन करतो मामांना," म्हणाले. मी म्हटलं, फोन नको.

बुधवारी आईला घेऊन एसटीनं मामांच्या गावी गेले. मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी आईला "या" म्हटलं, पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. माझ्याशी बोलले नाहीत. कोपऱ्यात तीच जड पिशवी होती. तिच्यात कानशी होत्या, लहान-मोठ्या, त्यांच्या स्वतःच्या. कारखान्यातल्या कानशी बोथट झाल्या म्हणून ते घरच्या घेऊन येत होते. मी सगळं सांगितलं, पेटी, पट्टी, सह्या, काही झाकलं नाही. माफी मागितली. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं नाही.

मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमी मला चोर म्हनाला असता, तर तुमच्या घरी येऊन म्हनालो असतो, चुकलं आसंल तुमचं. तुमी काटा मारला म्हनालात. तुमाला ठावं हाय त्यो शब्द काय हाय. तुमाला न्हाई ठावं, तर कुनाला?"

मी पुन्हा माफी मागायला लागले.

"इथं कशाला बोलताय?" ते म्हणाले. "इथं कुनी ऐकलं हुतं? जितं बोललात तितंच बोला."

आई म्हणाली, "बरोबर हाय त्येंचं."

निघताना आईनं पिशवीतून किलो काढून माझ्या हातात दिला. गुरुवारी मामा आले, गेटच्या आत, मशीनपर्यंत नाही. चहाची वेळ झाली. मी पेटी पुन्हा काट्यावर बसवली, तबकावर आईचा किलो ठेवला आणि सगळ्यांना आकडा वाचायला लावला. मग पेटी उचलली आणि पुन्हा वाचायला लावला. मी म्हणाले, "ठोकळे बरोबर होते. मामा बरोबर होते. काटा मी मारला."

चहा निवत होता. मामांनी डबा कपाटावर ठेवला आणि मशीन सुरू केलं.

लाल पेटीतले सगळे खांदे कंपनीकडे गेले. प्रयोगशाळेचा निकालही चांगला आला. गाडी लवकरच रस्त्यावर येणार आहे. इंजिनियरनं मामांना पुन्हा ट्रॅकवर बोलावलं होतं, पांढरा शर्ट घालून ते बसूनही आले. गाडी कशी वाटली, ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मी विचारलं तर म्हणाले, "चांगली हाय."

पेटी मी मोडून टाकली. मखमलीच्या पेटीतलं वजन रोज सकाळी काढते. आणि मामा अजून खांदा तसाच आणतात, दोन्ही हातांत धरून, कडेवरून अंगठा फिरवून. फक्त आता ठेवल्यावर वळून जात नाहीत. माझ्या टेबलासमोर उभे राहतात. आकडा माझ्या बाजूला आहे, त्यामुळे त्यांना जरा पुढं वाकावं लागतं, टाचा उचलाव्या लागतात. आकडा थांबेपर्यंत ते तसेच उभे असतात. काटा त्यांच्याकडे वळवून ठेवीन म्हटलं, तर नको म्हणाले.

"वजन बरोबर आहे, मामा," मी रोज म्हणते.

"बगितलं मी, मॅडम."